मे : हवा उत्तम, अडचण एकच

वेळ ठरवण्यात माझा हात धरणारा माणूस आख्ख्या गारखेड्यात नाही, असं मी गेल्या वर्षापर्यंत छातीठोकपणे सांगायचो. माझं नाव कारभारी. नावातच कारभार असल्यावर तो दुसऱ्यानं करायचा म्हणजे अपमानच. वाळूजच्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं प्लॅनिंगला आहे. कुठला सुटा भाग कुठल्या दिवशी कुठल्या मशीनवर चढणार, हे मी ठरवतो. मशीन बंद पडतं, माल येत नाही, माणसं न सांगता गावाकडं जातात, पण माझा तक्ता चुकत नाही. तक्ता बरोबर असतो, कारखाना चुकतो.

माझी बायको तनुजा शाळेत भूगोल शिकवते. ज्वालामुखीचा धडा आला की ती फळ्यावर सिसिली बेट काढते, त्याच्यावर धूर सोडणारा एटना आणि भोवती निळ्या खडूनं भूमध्य समुद्र. बावीस वर्षं ती तो समुद्र काढतेय आणि पुसतेय. तिनं डोळ्यांनी बघितलेला समुद्र एकच, लग्नानंतर गणपतीपुळ्याला. तिथंही पहिले दोन तास मी तिला खोलीतच बसवून ठेवलं होतं, कारण माझ्या मते किनाऱ्यावर जायला ओहोटीची वेळ जास्त योग्य होती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "येत्या मे महिन्यात लग्नाला पंचवीस वर्षं होतात. मला एकदा सिसिली बघायचीय."

पंचवीस वर्षांत तिनं मागितलेली ही पहिलीच मोठी गोष्ट. मला भरून आलं.

"जाऊ," मी म्हणालो.

"कधी?"

इथं एखाद्या साध्या माणसानं 'तू म्हणशील तेव्हा' असं म्हटलं असतं. मी म्हणालो, "ते माझ्यावर सोड."

तिनं सोडलं. या सगळ्या प्रकरणात तिची चूक तेवढीच.

पुढचे दोन महिने मी अंगानं गारखेड्यात आणि मनानं दक्षिण युरोपात होतो. बसमध्ये व्हिडिओ, जेवताना व्हिडिओ. इटलीतला एक दाढीवाला तर मला नातेवाइकासारखा वाटायला लागला. तो सांगायचा, जुलै-ऑगस्टात येऊ नका, पारा चाळिशीच्या वर जातो, दगड तापतात, दुपारी दुकानं बंद. खरंच आहे. तापलेले दगड बघायचे तर आपल्याकडं दौलताबादचा किल्ला आहे, आणि जेवायला घरी परत येता येतं. डिसेंबर ते फेब्रुवारी तिकडं पाऊस. म्हणजे निसर्गानं तिथं कामाची वाटणीच उलटी केलेली. मार्चमध्ये आमच्या कारखान्याचं वर्ष संपतं आणि त्याबरोबर आम्हीही. एप्रिलमध्ये तनुजाचे पेपर. जूनमध्ये शाळा उघडते. सप्टेंबरची हवा झकास, पण घरात महालक्ष्म्या बसतात, त्यांना काय सांगणार, जरा ऑक्टोबरात या म्हणून? ऑक्टोबरात माल पाठवायची घाई, नोव्हेंबरात पुन्हा तिकडं पाऊस.

हे सगळं मी लॅपटॉपवर तक्त्यात मांडलं. बारा महिने, प्रत्येकापुढं हवा, गर्दी, अडचण, उपाय, जबाबदारी आणि स्थिती असे रकाने. अकरा महिने लाल झाले. एकटा मे हिरवा. शाळेला सुट्टी, हवा सौम्य, फुलं फुललेली, आणि आमच्या लग्नाचा वाढदिवसही एकोणीस मेचा.

बसमध्ये माझ्या शेजारी इम्रान बसतो. तो डिस्पॅचला आहे आणि त्याची बायको झेबा तनुजाच्याच शाळेत इंग्रजी शिकवते. मी त्याला तक्ता दाखवला. त्यानं तो वरपासून खालपर्यंत बघितला.

"भाई, छुट्टी मिली के निकल जाना," तो म्हणाला. "मौसम वहाँ जाके देख लेते. इतना कायकू?"

अशा माणसांमुळंच डिस्पॅचला उशीर होतो, असं मी मनात म्हटलं.

मे महिन्यात अडचण एकच होती. चौदा मेला अमृताचं लग्न. अमृता म्हणजे तनुजाच्या थोरल्या भावाची, काकासाहेबांची मुलगी. काकासाहेब फुलंब्रीजवळच्या गावात अद्रकीची शेती करतात. सख्ख्या भाचीचं लग्न म्हटल्यावर तनुजा आठ दिवस आधी जाणार, चार दिवस नंतर राहणार. म्हणजे मे महिन्याच्या मधोमध मोठा खड्डा. लग्न उरकून महिन्याच्या शेवटी जावं, तर दाढीवाल्याच्या मते पंचवीस मेनंतर गर्दी सुरू.

मी हे तनुजाला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, गर्दी तर गर्दी. म्हणून विचारलं नाही.

जानेवारीत एका शनिवारी मी एकटाच फुलंब्रीला गेलो. काकासाहेब बांधावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि मे महिन्यातल्या उन्हावर बोलायला लागलो. त्रेचाळीस डिग्री, पाण्याची बोंब, म्हाताऱ्या माणसांना भोवळ, नवरीच्या तोंडावरची पावडर वाहून हळदीत मिसळणार. मी इतकं रंगवून सांगितलं की बोलता बोलता मलाच तहान लागली.

"मग काय करावं म्हणता, दाजी?" काकासाहेबांनी विचारलं.

"डिसेंबर. थंडी. पाहुणे चार घास जास्तच खातील."

"पण तारीख ठरली ना. पाव्हणे काय म्हणतील?"

"ते माझ्यावर सोडा."

काकासाहेबांचा माझ्यावर लई विश्वास. हा माणूस कारखाना चालवतो, अशी त्यांची समजूत आहे आणि ती मी कधी दुरुस्त केलेली नाही.

घरी येऊन मी नवऱ्या मुलाच्या वडलांना फोन लावला. मुलगा शिवम, वडील फकिरराव, गाव पैठणच्या अलीकडं. शब्दाला जपणारा, कमी बोलणारा माणूस. फोन लागल्यावर माझ्या ध्यानात आलं, की उन्हाचं कारण यांना सांगून उपयोग नाही. हे म्हणतील, आमच्या घराण्यात सगळी लग्नं मे महिन्यातच झाली, कोणी मेलं नाही. आणि खरं कारण तर सांगण्यासारखं नव्हतंच. तेव्हा मी जे म्हणालो ते आजही मला झोपेत ऐकू येतं.

"फकिरराव, मुलीकडनं जरा अडचण आहे. फोनवर सांगण्यासारखी नाही. पण मेपासून सात महिन्यांत सगळं व्यवस्थित होईल. लग्न डिसेंबरात घेऊ."

पलीकडं त्यांनी कोणाला तरी टीव्ही बारीक करायला सांगितलं. मग ते म्हणाले, "सात महिने?"

"जास्तीत जास्त आठ."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. किती समजूतदार माणूस, असं मी तक्त्यातल्या स्थितीच्या रकान्यात हिरवा रंग भरता भरता म्हणालो. तनुजाला काकासाहेबांनीच सांगितलं, की उन्हामुळं तारीख पुढं नेली. तिला नवल वाटलं, पण भावाचा निर्णय म्हणून ती गप्प बसली. मी सतरा मेची तिकिटं काढली. तिनं चालायचे बूट आणले, पांढरे, जाड तळाचे. घरातल्या घरात ते घालून ती हॉल ते स्वयंपाकघर फेऱ्या मारायची, आणि मला वाटायचं, माणसानं आयुष्यात कारभार करावा तो असा.

फेब्रुवारीत पहिली कुणकुण आली. काकासाहेबांचा फोन. "दाजी, पैठणकडचा एक जण बाजारात भेटला. म्हणे पोरीच्या तब्येतीला कसंय आता? मी म्हटलं, काय झालंय तब्येतीला?"

"लोकांना काय, बोलतात," मी म्हणालो.

चार दिवसांनी अमृताच्या मैत्रिणीनं तिला एका वैदूचा नंबर पाठवला. आठवड्यानं गोष्ट बदलली. आता आजार गेला आणि अमृताचं पुण्यात कोणीतरी आहे असं निघालं. अमृता पुण्याला आयुष्यात एकदा गेली होती, तेही बँकेच्या परीक्षेला. मग एका संध्याकाळी शिवमनं तिला फोन केला आणि म्हणाला, "जे असंल ते तू मला स्वतः सांगितलं असतंस तर मी ऐकून घेतलं असतं." तिला काही कळेना. तिनं विचारलं, काय असंल ते? तो म्हणाला, तेच तर मी विचारतोय. दोघांनी एकमेकांना तासभर हेच विचारलं आणि रडत फोन ठेवला.

तनुजा रोज भाचीशी बोलायची आणि बोलून झालं की तपासलेल्या वह्या परत तपासायची. "लग्न मोडतंय बहुतेक," ती एकदा म्हणाली. "पण का, तेच कळत नाही."

मला कळत होतं. कारखान्यात मी एकवीस वर्षांत पहिल्यांदा एकाच मशीनवर एकाच वेळी दोन भाग चढवले. सांगून टाकावं, असं रोज सकाळी ठरवायचो. पण कुठल्या वेळी सांगावं, ते ठरेना.

शेवटी काकासाहेबांनीच बैठक ठरवली. कुठं, तर आमच्या घरी. मधला माणूस म्हणून दोन्हीकडचा भरवसा माझ्यावर. रविवारी सकाळी अकराला काकासाहेब आले, बरोबर अमृता. नको म्हटलं तरी ती आलीच. तिचे डोळे सुजलेले होते. पाठोपाठ फकिरराव आणि शिवम आले. तनुजानं चहा ठेवला. कोणी कोणाकडं बघत नव्हतं.

"तुम्हाला सोयरीक नको असंल तर सरळ सांगा," काकासाहेब म्हणाले. "पोरीचं नाव खराब करू नका."

"आम्ही कुठं खराब केलं?" फकिरराव शांतपणे म्हणाले. "अडचण तुमच्याकडनं आली. आम्ही फक्त इचारतो, अडचण काय?"

"आमच्याकडं कसली अडचण?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. अशा वेळी माणसाला जे येतं तेच माणूस करतो. मला प्लॅनिंग येतं. मी म्हणालो, "थांबा, तुम्हाला आकडेच दाखवतो. उन्हाळ्यातलं लग्न आणि हिवाळ्यातलं लग्न, दोन्हींची तुलना मी करून ठेवलीय." ती खरंच केली होती, काकासाहेबांना पटवण्याच्या आदल्या दिवशी. मी लॅपटॉप आणला, टीव्हीला जोडला आणि फाइल उघडली.

आता फाइल एकच होती आणि तिच्यात तक्ते दोन होते. फाइल उघडते ती आपण जिथं शेवटचं काम केलं तिथं. टीव्ही बेचाळीस इंची. भिंतभर अक्षरं आली.

वर ठळक लिहिलं होतं, 'सिसिली'. खाली अकरा ओळी लाल आणि मधे एक हिरवी. मी बटणं दाबत राहिलो, पण घाबरलेल्या बोटांनी ती ओळ मोठीच होत गेली. शिवमनं ती मोठ्यानं वाचली, वर्गात वाचतात तशी.

"मे. हवा, उत्तम. गर्दी, कमी. अडचण, अमृताचं लग्न. उपाय, डिसेंबरला ढकलणे. जबाबदारी, काकासाहेबांना पटवणे. स्थिती, पूर्ण."

 फकिररावांनी चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला आणि अगदी हळू आवाजात, कोणाला वाईट वाटू नये अशा बेतानं विचारलं, "सिसिली... हाच का तो आजार?"

"आजार यांना झालाय," तनुजा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिच्या हातात चहाचा ट्रे होता. "सिसिली बेट आहे. तिथं मला घेऊन जाणार होते हे."

मग मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. दाढीवाल्यापासून ते सात महिन्यांपर्यंत. सांगताना मला वाटत होतं, निदान शेवटी तरी कोणी हसेल. कोणी हसलं नाही.

"मामा," अमृता म्हणाली. आत्याचा नवरा म्हणून ती मला मामा म्हणते. "गावातल्या बाया मला बघून पोरं बाजूला घेत होत्या. लागण होईल म्हणून."

 मी जमिनीकडं बघितलं. काकासाहेब उठून खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं, ते वळून मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

बोलले फकिररावच. "पोरीला काही नाय ना? बास झालं मग. माणसाची हौस म्हणजे काय पाप नव्हं. पण आता डिसेंबर नको. लोकांची तोंडं बंद करायची तर लग्न मे महिन्यातच लावू."

चौदा मेचं मंगल कार्यालय केव्हाच दुसऱ्यांना गेलं होतं. फोनाफोनी झाली. मे महिन्यात एकच दिवस शिल्लक निघाला, एकवीस मे. आमचं विमान सतराला. तक्त्याच्या तळाशी लिहिलेली ही तारीख खोलीतल्या प्रत्येकाला टीव्हीवर दिसत होती.

"घ्या एकवीस," तनुजा म्हणाली.

पाहुणे गेल्यावर ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता भांडेल. ती म्हणाली, "बावीस वर्षं मी पोरांना शिकवते. भूमध्य सागरी प्रदेश, उन्हाळा कोरडा, हिवाळ्यात पाऊस. दोन महिने त्या दाढीवाल्याला विचारत होता. मी इथं शेजारी बसून पेपर तपासत होते." एवढंच बोलली. मग स्टुलावर चढून तिनं बूट खोक्यात घातले आणि माळ्यावर ठेवले. मी स्टूल धरून उभा होतो. खाली उतरताना तिनं माझ्या खांद्याऐवजी भिंतीचा आधार घेतला.

लग्नाच्या दिवशी खरंच त्रेचाळीस डिग्री होती. मी पाण्याच्या जारांवर होतो. हे काम मला काकासाहेबांनी दिलं, पण स्वतः नाही. त्या दिवसापासून ते माझ्याशी थेट बोलायचे बंद झाले होते. माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे राहून ते आचाऱ्याला सांगायचे, "दाजींना म्हणावं, जार संपले." आचारी मला म्हणायचा, "दाजी, जार संपले." मी म्हणायचो, "ऐकलं." आचारी काकासाहेबांना म्हणायचा, "ऐकलं म्हणतात." आमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस दोन दिवस आधीच होऊन गेला होता. त्या दिवशी तनुजा माजघरात आहेराच्या साड्यांच्या घड्या घालत होती आणि मी अंगणात मंडपवाल्यानं उलटी लावलेली झालर सरळ करत होतो. संध्याकाळी मी आत डोकावून म्हणालो, "आज एकोणीस." ती म्हणाली, "माहितीय."

पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय दाजी, इटली कधी?" ताशेवाल्यानंसुद्धा विचारलं. निरोपाच्या वेळी अमृता पाया पडायला आली. घामानं तिच्या कपाळावरचं सगळं ओघळलं होतं. "मामा," ती म्हणाली, "उन्हाचं मात्र तुम्ही खरं सांगितलं होतं." आणि किंचित हसली. त्या हसण्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

कारण घरात हसू नव्हतं. मी दर शनिवारी फुलंब्रीला जाऊन काकासाहेबांच्या ओट्यावर बसायचो. ते अद्रकीकडं बघायचे, मी त्यांच्याकडं. दोनदा पैठणलाही जाऊन आलो. या मनधरणीत माझी वर्षाची सगळी रजा संपली. जुलैमध्ये धीर करून मी तनुजाला म्हणालो, "मी परत सगळं बघितलं. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा..."

"आमचं ठरलंय," ती म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीत मी आणि झेबा जातोय."

"नोव्हेंबरात? अगं, तिकडं तेव्हा पाऊस असतो."

"असू दे."

"आणि मी?"

"तुमची रजा कुठंय?"

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी इम्रानला विचारलं, तुला हे माहीत होतं का? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मेरेकू तो तिकट निकालने के बाद बताए." दोघी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आल्या. महिनाभरात व्हिसा आला. मला कोणी काही विचारलं नाही. विमानतळावर तनुजानं माझ्या हातात घराची दुसरी किल्ली दिली आणि म्हणाली, "फ्रिजमध्ये शेंगदाण्याची चटणी आहे." मग ती वळली आणि झेबाबरोबर आत गेली. पांढरे बूट काचेपलीकडं दिसेनासे होईपर्यंत मी उभा होतो.

त्या आठवड्यात इम्रान रोज संध्याकाळी आमच्याकडं यायचा. दोघं मिळून खिचडी टाकायचो. चौथ्या दिवशी आम्ही जेवत असताना व्हिडिओ कॉल आला. तिकडं दुपार होती आणि धो धो पाऊस. तनुजा आणि झेबा एका दुकानाच्या छपराखाली उभ्या, दोघी नखशिखांत भिजलेल्या. दोघींच्या हातात काहीतरी तळलेलं होतं आणि दोघी इतक्या हसत होत्या की काय म्हणतायत ते कळत नव्हतं. माझ्या बायकोला असं हसताना मी शेवटचं कधी बघितलं, ते मला आठवेना.

"समुद्र दाखव," मी म्हणालो.

तिनं फोन फिरवला. पडद्यावर नुसतं करडं पाणी, वरही आणि खालीही. "काही दिसत नाही," मी म्हणालो. पण तिनं फोन झेबाकडं दिला होता आणि ती स्वतः पावसात, त्या करड्याकडं चालत निघाली होती. फोन तुटला.

"सप्टेंबरमध्ये गेली असती तर..." मी सुरुवात केली. इम्राननं माझ्या ताटात आणखी एक डाव खिचडी वाढली. "खाओ भाई," तो म्हणाला.

तेवढ्यात परत फोन वाजला. मला वाटलं, तनुजाच. बघतो तर काकासाहेब. आठ महिन्यांत पहिल्यांदा, थेट, मध्ये आचारी नाही. मी ताटावरून उठलो. 

"दाजी," ते म्हणाले, "अमृताकडं गोड बातमी आहे."

 "लई आनंद झाला, काकासाहेब. लई म्हणजे लई."

"आता डोहाळजेवण करायचंय. तारीख ठरवतोय."

"हां, तर बघा," मी म्हणालो, आणि मला एकदम उजळल्यासारखं वाटलं. "फेब्रुवारीचा पहिला आठवडा..."

"दाजी," काकासाहेब म्हणाले, "इचारायला नाय केला फोन. कळवायला केलाय."